परत फेकलेला बॉल

माझा नवरा देवदत्त इथे दोन गोष्टींसाठी ओळखला जातो. एक, आमच्या भागाचा राज्याच्या विधानसभेतला आमदार म्हणून. दुसरं, सहा छोट्या गावांच्या व्यावसायिक बेसबॉल लीगचा अध्यक्ष म्हणून. मी त्याला तिसऱ्याच गोष्टीसाठी ओळखते, ती म्हणजे हट्टीपणा.

नागपूरहून व्हिसावर अमेरिकेत आलो, अ‍ॅशबर्नला सॉफ्टवेअरची नोकरी. पहिल्याच उन्हाळ्यात ऑफिसातल्या कुणीतरी तिकिटं दिली म्हणून शेजारच्या गावात मॅच बघायला गेलो. काही कळत नव्हतं. तेवढ्यात एक बॉल उडून थेट याच्या हातात. यानं झकास कॅच घेतला आणि क्रिकेटच्या सवयीनं तडक मैदानात परत फेकला. सगळं स्टेडियम हसायला लागलं. इथे प्रेक्षकांत आलेला बॉल ज्याला मिळेल त्याचा, लोक त्यासाठी जन्मभर वाट बघतात. आमची अनिका तेव्हा सहा वर्षांची, रडकुंडीला आली. "बाबा, दॅट वॉज अवर्स."

हा शांतपणे म्हणतो, "अगं, मग ते खेळणार कशानं?"

शेजारी टीमचा म्हातारा मालक बसला होता. त्यानं याचं उत्तर इंग्रजीत करून घेतलं आणि पुढच्या शनिवारी आम्हाला परत बोलावलं. आधी यानं टीमची वेबसाइट करून दिली, मग लीगचं वेळापत्रक, आणि वीसेक वर्षांनी अध्यक्षपदच गळ्यात पडलं. आमदारकीही त्या मैदानावरच मिळाली म्हणायची. जो तो तिथे भेटायचा आणि गाऱ्हाणी सांगायचा. हा ऐकून घ्यायचा, घरी मात्र माझं एक ऐकेल तर शपथ.

गेल्या हिवाळ्यात ते मैदान डेटा सेंटरला जायची वेळ आली. वाचवायचं तर विधानसभेत बिल पास व्हायला हवं होतं. आणि देवदत्त म्हणाला, "मी मत देणार नाही. लीगचा अध्यक्ष मीच. कुठल्या तोंडानं बटण दाबू?"

माझं डोकंच फिरलं. "मग अध्यक्षपद सोड. आज सोड, उद्या मत दे."

"आदल्या दिवशी सोडायचं म्हणजे शुद्ध नाटक, उल्का."

मतं समसमान पडली. समसमान म्हणजे बिल पडलं. याचं एक मत तेवढं हवं होतं. गावात लोकांनी याच्याशी बोलणं सोडलं. खरं सांगते, चार दिवस मीही सोडलं होतं.

सप्टेंबरात त्या मैदानावरची शेवटची मॅच झाली. अध्यक्षांची खुर्ची सोडून हा आमच्या पहिल्या दिवसाच्या बाकावर जाऊन बसला. आजूबाजूला कुणी बसलं नाही, म्हणून मी बसले. सातव्या डावात एक बॉल टप्पे खात याच्या पायाशी आला. यानं उचलला. खाली मैदानातून बॉल टाकणाऱ्या पिचरनं हसून हातमोजा वर केला. याची जुनी गोष्ट टीममधल्या सगळ्यांना पाठ होती.

देवदत्त जरा वेळ उभा राहिला. मग खाली बसला आणि बॉल कोटाच्या खिशात घातला.

मी विचारलं, "फेकत नाहीस?"

"कशाला?" तो म्हणाला. "आता ते खेळणार कुठे?"