लुगड्यातली भाऊबीज

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई भरली की मी बाई होतो. खडी गंमत हा आमचा खेळ. ढोलकी, गोल उभी राहिलेली माणसं आणि मधे साडी नेसून नाचणारे आम्ही तिघे बाप्ये. बाकी वर्षभर मी आमच्या तालुक्याच्या गावी, गोरेगावात मोटारसायकली दुरुस्त करतो. हाताचं ऑइल काढायला रॉकेल लागतं, तोंडाचा रंग काढायला खोबरेल. घरात दोन्ही असावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मंडईच्या गावात कपडे बदलायला आडोसा मिळेलच असं नाही, म्हणून आम्ही घरूनच नटून निघतो. त्या दिवशीही छोटा हत्ती टेम्पोच्या मागच्या बाजूला तिघे चढलो. साड्या चुरगळू नयेत म्हणून निम्मा रस्ता उभेच. आमच्यातला थोरला साठी ओलांडलेला. धानाची शेती करतो आणि बायकोपेक्षा नीट निऱ्या घालतो. हे त्याची बायकोच सांगते, तेही चिडून. सौंदडला चहाला थांबलो तर दोन बायांनी त्याला गाठलंच.

"साडी कोठून घेतली वो?"

"घरवालीची होय."

"मंग थे काय नेसली?"

"थे आता ड्रेस घालून राहिली."

बाया पोट धरधरून हसल्या. एकीनं तर त्याच्या ब्लाउजची बाही उलटी करून शिवण पाहिली आणि शिंप्याचा पत्ता विचारला. पुढे पेट्रोल पंपावरचा माणूस मला म्हणाला, "मॅडम, जरा साइड में हो जाइए," आणि मी निमूट बाजूला झालो. रस्त्यावर आम्हाला कोणी वाईट वागवत नाही. एखादा शिट्टी मारतो, त्याला उलटा डोळा मारला की तोच लाजून पळतो.

घरचं मात्र वेगळं असतं. माझी थोरली बहीण इटियाडोह धरणाकडच्या एका गावात दिली आहे. मागे कोणीतरी माझ्या नाचाची रील काढली आणि ती फिरत फिरत तिच्या सासरच्यांच्या मोबाइलवर पोचली. त्या दिवाळीत बहिणीचा फोन आला, "औंदा नको येऊ. घरी पाहुने हायेत." पुढच्या दिवाळीलाही पाहुणे होते. त्याच्या पुढच्याही. एवढे पाहुणे खाऊ घालून ते घर अजून उभं कसं, याचंच मला नवल वाटायचं. आणि रागही यायचा, खोटं कशाला सांगू.

आता पुन्हा भाऊबीज होती, आणि आमचा खेळ नेमका तिच्याच गावात होता. सुपारी थोरल्यानं घेतली होती. गावाचं नाव त्यानं मला नवेगाव मागे पडल्यावर सांगितलं.

"आधी काऊन नाई सांगतलं?" मी भडकलो.

"सांगतलं असतं तं तू आला असता का?"

नसतोच आलो. मला लोकांची भीती नव्हती. बहीण गर्दीत दिसेल आणि ओळख न दाखवता तोंड फिरवेल, याची होती. पाहुण्यांची सबब मी चालवून घेतली होती. तोंड फिरवलेलं मला सोसलं नसतं.

गावात शिरताना मी ड्रायव्हरला म्हटलं, देवळाकडून घे, तिचं घर टळेल. देवळाकडे आकाशपाळणा उभा, रस्ता बंद. गाडी फिरवली ती थेट तिच्या दारासमोर अडकली. पुढे बैलबंडी, मागे फुगेवाला. ओट्यावर पाहुणे बसले होते, या वेळी खरेखुरे. बहीण दारात होती. तिनं आम्हा तिघांकडे पाहिलं, माझ्यावर नजर थांबली, आणि ती वळून आत गेली.

मी ड्रायव्हरच्या टपावर थाप मारली, गाडी काढ म्हणून.

मग ती बाहेर आली. एका हातात पाट, दुसऱ्यात ओवाळायचं ताट.

"उतर खाली," ती म्हणाली.

मी उतरलो. ओट्यावर पाट मांडला गेला, त्यावर मी निऱ्या सावरत बसलो. पाहुण्यांचे चहाचे कप हातातच राहिले. खाटेवरून सासू उठली. तिचा आवाज मला बहिणीच्या लग्नापासून ठाऊक होता, अर्ध्या गावाला पुरायचा. आता ताट उडणार, अशी मी मनाची तयारी केली.

"उघड्या डोस्क्यानं ओवाळून घेते का कोनी?" सासू गरजली. "पदर घे डोस्क्यावर!"

मी घेतला. असा सरळ पदर मी खेळातसुद्धा कधी घेतला नसेल.

बहीण कुंकू घेऊन वाकली आणि अडली. टिळा लावायचा कुठे? कपाळाच्या मधोमध माझी रुपयाएवढी टिकली. तिनं ती नखानं अलगद सोडवली, स्वतःच्या मनगटावर चिकटवून ठेवली. मोकळ्या झालेल्या कपाळावर टिळा ओढला, तांदूळ लावले, ओवाळलं. माझं काजळ गालावर उतरलं.

"रडू नको, तोंड खराब होते," असं म्हणणारी स्वतः नाक ओढत होती.

मला वाटलं, झालं. मी उठू लागलो तर तिनं खांदा दाबून खाली बसवलं. मनगटावरची टिकली काढली, टिळ्याच्या खाली, भुवयांच्या मधे जागा शोधून पुन्हा लावली आणि अंगठ्यानं घट्ट दाबली.

"जाय आता," ती म्हणाली. "चांगला नाचजो. बाया विचारतीन तं माझा भाऊ होय म्हनून सांगीन."