चाव्यांचे बिल्ले

लष्कर तळ सोडून गेलं त्याला अकरा वर्षं झाली, पण चावीवाल्याच्या मनातून तळ काही हलला नव्हता. एकतीस वर्षं तिथली कुलपं त्याने सांभाळली. शंभरावर चाव्या, प्रत्येकीला पत्र्याचा बिल्ला, त्यावर त्याने खिळ्याने कोरलेला नंबर. कोठाराची चावी आधी अर्धा फेरा उलटी फिरवायची, बराकीचं दार गुडघ्याने रेटायचं, हे त्याने झोपेतही सांगितलं असतं.

आणि रिकामा तळ बघायला लोक येऊ लागले तेव्हा नगरपालिकेने जुडगा दिला कोणाला? त्याच्या साडूला! दोन वर्षं भटारखान्यात बटाटे सोललेला माणूस. दारं बंदच असायची. हा पाहुण्यांना बाहेरूनच फिरवायचा आणि तोफांचे किस्से असे रंगवायचा, जणू यानेच त्या डागल्या. आयत्या बिळावर नागोबा! चावीवाल्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"त्याचं बोलणं गोड आहे," बायको म्हणायची. "तुमच्या जिभेला गंज चढलाय."

मग समितीची पाहणी ठरली. इमारती आतून बघून ठरवणार होते, संग्रहालय करायचं की सगळं पाडायचं. त्या सकाळी साडू चहाला आला आणि जुडगा टेबलावर टाकून मेव्हणीशी गप्पा मारायला आत गेला. चावीवाल्याने मोठ्या इमारतींच्या चाव्यांचे बिल्ले आपसात बदलले. होऊ दे फजिती, शेवटी मलाच बोलावतील! इस्त्रीचा शर्ट घालून तो दाराशी बसून राहिला.

दुपारी साडू एकटाच आला, घामाघूम.

"दादा, एक कुलूप उघडेल तर शपथ! मी म्हटलं, थांबा, माझ्या साडूला आणतो, तळाचा खरा माणूस तोच. संग्रहालय झालं तर रखवालदार म्हणून तुम्हालाच घ्या, असा अर्जही दिला होता मी. पण साहेबांना घाई. म्हणाले, दारंच उघडत नाहीत, आत काय उरलं असणार? पाडायचा शेरा मारला."

"चल, आत्ता उघडतो!" चावीवाला ताडकन उठला.

"गाडी केव्हाच गेली त्यांची." साडूने जुडगा त्याच्या हातात ठेवला. "मी बिल्ले बघूनच लावत होतो हो. तुमचा नंबर चुकायचा नाही. कुलपंच गंजली असतील."

चावीवाल्याने बिल्ले मुठीत दाबून धरले.

"हो," तो म्हणाला. "कुलपंच गंजली असतील."