दिलेली बाजू

"तू बंदच्या बाजूनं बोलायचं. तुझ्या तोंडून ऐकलं की परीक्षक गारच पडतील."

वादविवाद मंडळाचे सर हे सगळ्यांसमोर बोलले. कॉलेजच्या जिमखान्याच्या खोलीत आम्ही सातआठ जण उभे होतो. फळ्यावर विषय लिहिलेला होता : राखीव जागा बंद झाल्या पाहिजेत. सरांनी माझ्याकडं बोट केलं आणि पोरं हसली. वाईट हसली असंही नाही. भारी युक्ती ऐकल्यावर माणसं हसतात तशी. एक जण तर म्हणाला, "सर, तोड नाही!" मग मीही हसले. आज ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. सरांच्या बोलण्यानं नाही. माझ्या हसण्यानं.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. मी सोलापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. घर बुधवार पेठेत. पूर्वीचे महार, आता बौद्ध. वडील मी सातवीत असताना गेले. आई मिलमध्ये सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात, पहिली पाळी. मला फी माफ होती, वर स्कॉलरशिप. त्या फॉर्मवरच्या सह्यांसाठी आईनं किती खाडे केले ते मला माहीत आहे. साहेब जागेवर नाही, उद्या या. उद्या गेलं की शिक्का नाही, परवा या.

तेव्हा सगळीकडं राजकारणावरून भांडणं. महागाई, संप, मोर्चे. हॉटेलात बघावं, मिलच्या गेटवर बघावं, दिल्लीतल्या बाईंच्या बाजूचे आणि विरोधातले एकमेकांच्या नरड्याला लागलेले. पण राखीव जागांचं नाव निघालं की दोघांचं झकास सूत जमायचं. त्या एका गोष्टीवर अख्ख्या देशाचं एकमत होतं म्हणा ना.

वादविवाद स्पर्धेची रीत अशी होती. एका कॉलेजातून दोघं. एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरोधात. दोघांचे मार्क मिळवून फिरता करंडक द्यायचे. कोणी कुठल्या बाजूनं बोलायचं ते सर ठरवायचे. तुम्हाला काय वाटतं याचा तिथं संबंधच नव्हता. उलट जे वाटत नाही ते पटवून दिलंत तर तुम्ही हुशार.

मी सरांना एकदा विचारलं होतं, "सर, मी दुसऱ्या बाजूनं बोलू का?"

"स्वतःच्या बाजूनं काय, कुणीही बोलतं," सर म्हणाले. "त्यात कला कुठली? ते रडगाणं होतं."

दुसरी बाजू मिळाली सुनंदाला. सुनंदा वकिलाची मुलगी, सात रस्त्याजवळ बंगला, शहाण्णव कुळी. पोरगी वाईट नव्हती. डबा वाटून खायची. मला कधी तिनं वेगळं काढलं नाही. एक दिवस वही घेऊन माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "तुमच्यात अजून काय काय त्रास असतो गं? मला मुद्दे पाहिजेत."

मी मुद्दे दिले. वडलांचा धोटा दिला.

वडील स्पिनिंगला होते. विणकामाच्या खात्यात पगार चांगला. पण त्या काळी तिथं आमच्या माणसाला घेत नसत. मागावर आडवा दोरा नेणाऱ्या धोट्यात नवी कांडी घातली की दोरा भोकातून तोंडानं ओढून काढावा लागायचा. आज माझ्या तोंडाला लागलेला धोटा उद्या तुमच्या तोंडाला. महाराचं तोंड लागलेला धोटा कोण तोंडाला लावणार? वडील तीनदा जॉबरकडं, म्हणजे कामावर माणसं घेणाऱ्या मुकादमाकडं गेले. तिन्ही वेळा तो म्हणाला, "काम येतंय की रे तुला. पण तुझ्या तोंडाचं काय करू?" वडील घरी येऊन हे हसत सांगायचे. आई तेवढा वेळ चुलीकडं तोंड करून बसायची.

सुनंदानं सगळं लिहून घेतलं. "बाई गं, अंगावर काटा आला," म्हणाली.

माझं भाषण सरांनी लिहून दिलं. गुणवत्ता, राष्ट्र, कुबड्या. मधोमध एक वाक्य होतं : "आम्ही सरकारचे जावई म्हणून किती दिवस मिरवायचं?" ते वाक्य म्हणताना छातीवर हात ठेवायचा, असं सरांनी करून दाखवलं. पंधरा दिवस तालीम झाली. घरी मात्र मी एक शब्द म्हणून बघितला नाही. आईला एवढंच सांगितलं, स्पर्धा आहे, दुपारी चारला. आई येईल असं वाटलं नव्हतं. पाळी सुटल्यावर ती कधी कुठं जात नसे.

सभागृह भरलेलं होतं. चिठ्ठ्यांत सुनंदाचा नंबर माझ्या आधी आला. ती छान बोलली. "माझ्या एका मैत्रिणीचे वडील..." असं म्हणून तिनं धोटा काढला. जॉबरचं वाक्य तिनं थांबून थांबून म्हटलं. परीक्षकांत एक बाई होत्या, त्यांनी डोळ्याला रुमाल लावला. शेवटी सुनंदा म्हणाली, "या बिचाऱ्यांना आपण हात द्यायला नको का?"

बिचाऱ्यांना. आपण. मी खाली बसून ऐकत होते. माझ्या बापाची गोष्ट, तिचा गळा.

मग माझं नाव पुकारलं. आधीच्या वक्त्याचा मुद्दा खोडला की जादा मार्क मिळायचे. पहिल्या रांगेतून सर बोटानं खुणावत होते, खोड, खोड. आणि मी बोलले, "माझ्या मैत्रिणीनं धोट्याची गोष्ट सांगितली. गोष्ट चांगली आहे. पण रडक्या गोष्टींवर देश चालत नसतो."

टाळ्या पडल्या. काय टाळ्या पडल्या!

हे वाक्य सरांनी लिहून दिलेलं नव्हतं. ते माझं. तिथल्या तिथं सुचलेलं. टाळ्यांनी मला चढलं, खोटं कशाला बोलू? पुढं जावयाचं वाक्य छातीवर हात ठेवून म्हटलं, तेव्हा मागची पोरं बाकं वाजवायला लागली.

तेवढ्यात मला आई दिसली. मागं दाराजवळ उभी. शेवटच्या बाकावर जागा होती तरी उभी. मिलमधून तशीच आलेली, केसांत कापूस. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता आणि तिचे दोन्ही हात पदराखाली होते. उरलेलं भाषण मी कसं संपवलं ते मला आठवत नाही.

मी पहिली आले. सुनंदा दुसरी. करंडक आमचा. मुख्य परीक्षक वयस्कर गृहस्थ होते. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अशा मुली असतील तर या देशाला राखीव जागांची गरजच नाही." सर माझ्याकडं बघून असे हसले की जणू त्यांनीच मला जन्म दिला.

आई बाहेर गेटजवळ थांबली होती. मी प्रमाणपत्र पुढं केलं. तिनं हातात घेतलं नाही.

"तुझ्या बापाला तू खोटं पाडलीस," म्हणाली.

"आई, तसं नसतं गं. हा खेळ असतो. बाजू दिलेली असते."

"आन् आपली बाजू कुणाकडं हुती?"

"सुनंदाकडं."

"तिला काय म्हाईत?"

आई चालायला लागली. थोडं पुढं जाऊन वळली. "लोकांनी शिवी दिली तर माणूस उलटून तरी बोलतंय. तू तर आपल्याच तोंडानं शिवी दिलीस, आन् लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्हय का न्हाय?"

मी प्रमाणपत्राची गुंडाळी केली. स्पर्धेत पहिली आलेली मी. गेटपासून घरापर्यंत आई पुढं आणि मी मागं. तेव्हा मला लाज वाटली. तोवर आपल्या जातीची लाज वाटायची, कबूल करते. त्या दिवशी पहिल्यांदा माझी स्वतःची लाज वाटली.

सोमवारी सरांनी आम्हा दोघींना जिमखान्यात बोलावलं. पुढची फेरी पुण्याला होती. विषय तोच, भाषणं तीच.

मी म्हटलं, "सर, मी बोलेन. पण माझ्या बाजूनं."

"म्हणजे?"

"राखीव जागा राहिल्या पाहिजेत, या बाजूनं."

सर आधी हसले. मग खुर्ची ओढून बसले. आणि मग जे झालं तो खरा वाद होता. ना घंटा, ना परीक्षक. सर म्हणाले, त्यांच्या बहिणीचा मुलगा, रात्रंदिवस अभ्यास केला, मेडिकलला थोडक्यात हुकला, वर्षभर घरात भिंतीकडं तोंड करून पडून आहे. "त्याची जागा कुणी घेतली? सांग की. आहे उत्तर?" सरांचा आवाज कापत होता. तो मुलगा मी बघितलेला नव्हता, पण सर खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच लागलं होतं.

"तुमच्या भाच्याची जागा कुणी घेतली ते तुम्ही एका वर्षात विचारायला लागलात," मी म्हटलं. "माझ्या वडलांची कुणी घेतली ते कुणीच विचारलं नाही. त्यांना तर काम येत होतं. मार्क कमी पडले म्हणून नाही अडवलं त्यांना."

"ते जुनं झालं."

"गोष्ट रडकी म्हणून मीच उडवून लावली होती स्टेजवर. तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या. आज मी म्हणते जुनं झालं नाही, तर तुम्हाला राग येतोय."

सर उभे राहिले. "तुमच्यासाठी एवढं करून हीच अक्कल का? तू तुझ्या बाजूनं बोललीस तर कुत्रं विचारणार नाही. चौकाचौकात बोलतातच की तुमची माणसं."

तेव्हा सुनंदा मध्ये पडली. भांडण मिटावं म्हणून, चांगल्या मनानं. म्हणाली, "सर, तिला द्या माझी बाजू. मी बंदची घेते. मला काय, कुठलीही चालते."

मला काय, कुठलीही चालते.

सरांच्या बोलण्यानं मी चिडले होते. सुनंदाच्या बोलण्यानं मला जाग आली. सर निदान भांडत तरी होते. त्यांचं काहीतरी जात होतं. सुनंदाचं काहीच जात नव्हतं. आज दया, उद्या गुणवत्ता, दोन्हीला गळा तितकाच भरून येणार. हरली तरी संध्याकाळी सात रस्त्याला जाऊन जेवणार. आणि मी अडाण्यासारखी तिच्याबरोबर तोच खेळ खेळायला बसले होते. माझ्या पुढ्यात माझाच बाप ठेवून.

"तुला कुठलीही चालते," मी म्हटलं, "म्हणून तुला माझी मिळणार नाही. मी दिलेलं वहीतून काढून टाक."

ती रडली. सरांनी मला मंडळातून काढलं. पुण्याला सुनंदा आणि दुसरा एक मुलगा गेले. धोटा वहीतून निघाला नाही. सुनंदानं तो तिथंही सांगितला आणि बक्षीस आणलं. सरांनी ती बातमी नोटीस बोर्डावर लावली.

वर्षाच्या शेवटी कॉलेजचा अंक निघाला. त्यात माझं भाषण, तिथं सुचलेल्या वाक्यासकट, माझ्या फोटोसकट. मला कुणी विचारलं नव्हतं. सरांकडं गेले, म्हटलं, हे माझं मत नाही असं खाली छापा. सर म्हणाले, "अंक निघाला आता. आणि नाव तुझंच झालं की." पेठेतल्या एका पोरानं तो अंक आणून आईसमोर मोठ्यानं वाचला. रडक्या गोष्टींचं माझं वाक्य आलं तशी आई उठून पाणी भरायला गेली. त्यानंतर आई बावीस वर्षं जगली. माझी नोकरी बघितली, लग्न बघितलं, नातवंडं खेळवली. पण पुढं मी सभांतून बोलायला लागले तरी माझं बोलणं ऐकायला ती परत कधीच आली नाही. सभा आपल्या गल्लीत असली तरी आतून कडी लावून घ्यायची. मी कितीही सांगितलं तरी.

तेव्हा ऐका. त्या भाषणातलं कुबड्यांचं, जावयांचं सगळं सरांचं. त्याचं सरांनी बघावं. एक वाक्य माझं आहे. ते माझंच होतं आणि ते खोटं होतं. त्याला माफी नको, मागतही नाही.

आजही ऑफिसात जेवताना विषय निघतो. कुणीतरी म्हणतं, "मॅडम, तुम्ही समजूतदार आहात, तुम्हीच सांगा, आता बास नाही का?" मी डबा बंद करते आणि सांगते. त्यांना जेवण जाईनासं होईपर्यंत सांगते. वाद घाला, घरी या, रस्त्यात अडवा. मी ऐकून घेईन, उत्तर देईन. हरले तर हरेन. पण माझ्या बाजूनं मीच बोलणार. ती मी कुणाला देणार नाही, आणि कुणी दिलेली घेणार नाही.