पळसाचं पान

ते प्रकरण मी कालपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. विसरलो मात्र एक दिवसही नाही.

तेव्हा पोलीस दलाच्या वाहन शाखेचा प्रभार माझ्याकडे होता. जंगलातले रस्ते गाड्या खातात. स्प्रिंगचे पाटे तुटतात, ब्रेक झिजतात, सुटे भाग वेळेवर येत नाहीत. नादुरुस्त गाडी ‘ऑफ रोड’ दाखवावी लागे आणि ती यादी लांबली की वरून विचारणा होई. म्हणून मी चालकांना बजावलं होतं, ‘‘लॉगबुकात रडगाणं नको. तोंडी सांगा.’’

आलापल्लीच्या रस्त्यावर एक ट्रक उतारावरून सुटला आणि सागावर आदळला. एका शिपायाचा पाय गेला. चालक वाचला. तो त्याच सकाळी रजेवरून हजर झाला होता. प्राथमिक चौकशी माझ्याकडेच आली.

‘‘साहेब, ब्रेक लागलाच नाई.’’

‘‘मग गाडी काढली कशाला?’’

‘‘मी पाह्यलं ना. पान नव्हतं.’’

मला वाटलं, धक्क्यानं बरळतोय.

दोन दिवसांनी ठाण्यात निनावी फोन आला. ‘‘पानाचं मेकॅनिक चाचाले विचारा.’’ एवढंच.

चाचा आमचा जुना मेकॅनिक. घटनेच्या दिवशी तो दुसऱ्या ठाण्याला दुरुस्तीवर गेला होता. समोर बसवला. तासभर तो नखातलं ग्रीस काढत राहिला. गुन्हेगार नजर चुकवतो ती भीतीनं. चाचा चुकवत होता ती लाजेनं, आणि तीही माझ्यासाठी, हे मला उशिरा कळलं.

‘‘तुमीच म्हनले लिहू नका,’’ तो शेवटी बोलला. ‘‘मंग आमी स्टिअरिंगले पळसाचं पान बांधून राह्यलो. पान हाये म्हनजे ब्रेकचा भरोसा नाई, गाडी हलवाची नाई. सब ड्रायव्हरले मालूम हाये.’’

‘‘या ट्रकला बांधलं होतं?’’

‘‘मीच बांधलं, साहेब. पार्ट यायचा होता.’’

‘‘मग काढलं कोणी?’’

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. ‘‘आता मले काऊन विचारता? वरच्या साहेबाच्या तपासणीच्या आदल्या दिवशी तुमीच म्हनले ना, हे काय, नवरदेवाची गाडी हाये का?’’

त्या दिवशी ओढून काढताना ते वाळलेलं पान माझ्या मुठीत चुरलं होतं. चुरल्याचा तो आवाज तिथं खुर्चीत बसल्या बसल्या पुन्हा ऐकू आला.

तपास तिथंच संपला होता. अहवालात मी लिहिलं : लॉगबुकात तक्रार नाही, चालकाचा निष्काळजीपणा. कागद स्वच्छ होता, कारण तो मीच स्वच्छ ठेवायला लावला होता. चालकाची नोकरी गेली. चाचा गप्प राहिला, कारण त्यालाही नोकरी होती.

नोकरीची वर्षं शिल्लक असताना मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मागच्या महिन्यात पोंभुर्ण्याकडे त्या चालकाच्या गावी गेलो. तो तलावाकाठी जाळं विणत होता. मला पाहून उठून उभा राहिला.

‘‘या साहेब. चहा मांडाले सांगू का?’’

चहा प्यालो. बोलायला गेलो होतो ते बोलता आलं नाही.

माणसांना लिहू दिलं नाही तर ती खुणा करतात, आणि साहेबाला खुणा वाचता येत नाहीत. एवढ्या सेवेत मी शिकलो ते हेच.

काल माझा जबाब सहीनिशी कार्यालयात पाठवला. एक प्रत त्या चालकाच्या पत्त्यावर. पहिलंच वाक्य आहे : पान मी काढलं.