कोथिंबिरीच्या वाफ्यातली थैली

वलगावच्या मळ्यातलं ते प्रकरण इतक्या वर्षांनंतरही माझ्या मनातून गेलेलं नाही. साठ सालानंतरची गोष्ट. मी अमरावतीला फौजदार होतो. भाजीपाला पिकवणाऱ्या एका घरातली म्हातारी भजी खाल्ल्यावर पोट धरून लोळू लागली. ओकाऱ्या झाल्या, हातापायांना पेटके आले आणि दवाखान्यात पोचल्यावर थोड्याच वेळात ती गेली. घरात दुसरी फक्त सून होती. तिचा त्या दिवशी उपास. मुलगा अकोल्याला, जठारपेठेतल्या एका खानावळीत कामाला होता. आदल्या दिवशीच घरी आलेला, पण तेव्हा तो भाजी घेऊन बाजारात गेला होता.

म्हातारीची मुलगी भातकुलीहून ठाण्यात आली ती संतापलेलीच.

"भावजयनं मारलं माह्या मायले. रोज भांडे दोघी. मंग हिनंच काहून नाही खाल्ले भजे?"

मी सुनेला बोलावलं. बाई रडत नव्हती. सरळ बघून म्हणाली, "भांडत होतो जी. पण भजे तिनंच केले, तिच्या हातानं. इतकी वर्सं तिच्याच हातचं जेवली मी. मी कायले मारू तिले?"

चूल त्या घरात म्हातारीच्याच ताब्यात होती, हे शेजारीही सांगत. तरी संशय सुटेना. गावानं तर निकाल लावूनच टाकला होता. विहिरीवर ती आली की बाकीच्या बाया घागरी उचलून बाजूला होत.

मग हवालदारानं खबर आणली. शेजारच्या मळ्यातल्या बाईनं म्हातारीच्या मुलाला, आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कोथिंबिरीच्या वाफ्यात काहीतरी पुरताना पाहिलं होतं. पंचांसमक्ष उकरलं तर प्लॅस्टिकची पारदर्शक थैली निघाली. त्या काळी खेड्यात अशी थैली म्हणजे अप्रूप, बाया त्यात बी-बियाणं जपून ठेवत. ही मात्र स्वच्छ धुतलेली होती. मुलाला विचारलं, तर तो खाली मान घालून एवढंच म्हणाला, "रिकामीच थैली होती, सायेब." आता लोक म्हणू लागले, नवराबायकोनं मिळूनच केलं.

पोटातल्या अवयवांचा, म्हणजे व्हिसेऱ्याचा, पहिला अहवाल आला: सोमल, अफू, धोतरा यांपैकी काही नाही. मी थैली घेऊन प्रयोगशाळेत गेलो. तिथले रसायनतज्ज्ञ मितभाषी गृहस्थ. त्यांनी म्हातारीची लक्षणं मला दोनदा सांगायला लावली.

"फ्लोराइड असू शकेल," ते म्हणाले. "झुरळं मारायच्या पांढऱ्या भुकटीत असतं. पण मला घरच्या विहिरीचं पाणी हवं. वाफ्यातली माती आणि लांबच्या शेतातलीही माती हवी. शिवाय अशीच एक कोरी थैली."

"ती कशाला?"

"आपल्याकडच्या काही विहिरींत हे मुळातच थोडंसं असतं. जमिनीतून आलं की थैलीतून आलं, हे कळल्याशिवाय मी कुणाच्या गळ्यात फास अडकवणार नाही."

सगळे नमुने सील करून दिले. पुढे त्यांनी मला प्रत्यक्षच दाखवलं. नळ्यांमध्ये लाल रंगाचं द्रावण होतं; फ्लोराइड असलं की त्याचा रंग उडतो. विहिरीचं पाणी घातलं, रंग जेमतेम फिका झाला. दोन्ही मातींचं तसंच. कोऱ्या थैलीच्या धुवणानं काहीच झालं नाही. पुरलेल्या थैलीच्या चिकटवलेल्या कडेत अडकलेले कण घातले, तेव्हा लाल रंग उडून पिवळा झाला. व्हिसेऱ्याचंही तेच झालं.

ठाण्यात मी मुलाला समोर बसवलं, चहा दिला, आणि एवढंच विचारलं, "झुरळांची भुकटी घरात कशी आली?"

त्याचा चेहरा पडला. बांध फुटल्यासारखा तो बोलू लागला. "खानावळीच्या फळीवर होती जी. मले वाटलं खायचा सोडा हाय. मायले भजे लय आवडत, म्हणून न विचारता त्या थैलीत भरून आणला. माय गेली, अन् सकाळी पाह्यलं तं चुलीपाशी सांडलेल्या सोड्यात झुरळं मरून पडलेले. तवाच समजलो, अन् थैली धुवून पुरून टाकली."

"मग बोलला का नाहीस? बायकोवर खुनाचा आळ आलाय."

"मीच मायले मारलं, हे कोन्या तोंडानं सांगू, सायेब?"

सुनेलाही बोलावलं होतं, ती दाराशीच उभी होती. ती ओरडेल असं वाटलं. ती त्याच्यापाशी जाऊन खाली बसली. इतके दिवस कोरडे राहिलेले तिचे डोळे तेव्हा वाहू लागले.

"मले सांगतलं असतं," ती म्हणाली, "तं दोघं मिळून रडलो असतो."

खानावळीत चौकशी केली. भुकटी तशीच, बिनचिठ्ठीची ठेवलेली होती. मालकाला सक्त समज दिली. वरिष्ठांच्या मंजुरीनं अपघाती मृत्यू म्हणून कागद बंद झाले. नणंदेला मी अहवाल समजावून सांगितला. तो ऐकून ती भावजयीला म्हणाली, "चाल, घरी चाल." भावजयीचा हात मात्र तिनं धरला नाही. तो धरायला पुढे किती दिवस लागले, मला ठाऊक नाही.

पुरावा लपवणारा गुन्हेगारच असतो, असं आम्हाला शिकवलेलं. घाबरलेला, पश्चात्तापानं पोळलेला माणूसही तेच करतो, आणि बाहेरून दोघं अगदी सारखे दिसतात. त्यानंतर कुणी गप्प बसलं, की हा काय लपवतोय याच्याआधी मी स्वतःला विचारत असे, हा कशानं एवढा भ्यायलाय?