नोंदीत नसलेला बिबट्या

‘हा आमच्या नोंदीत नाही,’ वनखात्याच्या गार्ड मॅडम म्हणाल्या. ‘नवा नर दिसतोय.’

त्यांनी माझ्या काउंटरवर दोन फोटो शेजारी ठेवले होते. एक त्यांच्या ट्रॅप कॅमेऱ्यातला. हा कॅमेरा झाडाला बांधून ठेवतात आणि समोरून काही गेलं की तो आपोआप फोटो काढतो. दुसरा फोटो माझ्या दुकानातून गेलेला. माणसांच्या बोटांचे ठसे जसे वेगळे, तसे प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे, असं त्यांनी मला समजावलं. त्यावरून ते जनावर ओळखतात आणि नोंद ठेवतात. माझ्या फोटोतले ठिपके एकाही नोंदीशी जुळत नव्हते. नीट तपासायला त्यांना मोठी प्रिंट हवी होती. मी काढून दिली. प्रिंट झकास आली होती, त्यामुळे मी खूश होते.

माझा घोडेगावात फोटो स्टुडिओ आहे. बावीस वर्षं झाली. लग्नं, पासपोर्ट फोटो, फ्लेक्स हे नेहमीचं. हल्ली सगळ्यात जास्त काम खराब फोटो सुधारण्याचं. दहा ठिकाणांहून फॉरवर्ड होऊन आलेला नखाएवढा फोटो आणतात आणि भिंतीवर लावायचाय म्हणतात.

दोन दिवस आधी महाळुंगे पडवळचे शांतारामभाऊ असाच एक फोटो घेऊन आले होते. गोठ्यातल्या सीसीटीव्हीचा. पहाटेचं धुकं, कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ, वर कोळ्याचं जाळं.

‘ताई, बिबट्या हाये.’

‘कुठंय?’

‘ह्यो काय! गव्हाणीच्या कडंला. ही पाठ, ही शेपटी.’

मला एक करडा डाग दिसत होता. शेपटी दिसत नव्हती.

‘तुमाला न्हाई दिसायची,’ ते म्हणाले. ‘मी रोज बघतो तितं. तितं असलं काय बी नसतं.’

त्यांची एक शेळी चार दिवसांपूर्वी गेली होती. आई ऐंशीच्या पुढची, गोठ्याला लागून असलेल्या पडवीत झोपते. आत झोप म्हटलं तर ऐकत नाही. त्यांना दाराशी पिंजरा हवा होता.

‘मॅडम म्हनत्यात, पुरावा द्या. जमीन दगडासारखी, ठसा उमटंना. आता काय बिबट्याची सही आणू?’

मी फोटो घेतला आणि कामाला लागले.

इथे थोडं समजावून सांगते. फोटो म्हणजे बारीक चौकोनी ठिपके, त्यांना पिक्सेल म्हणतात. शांतारामभाऊंच्या फोटोतलं ते जनावर जेमतेम चाळीस पिक्सेल लांब होतं. जुन्या पद्धतीने फोटो मोठा केला की तोच डाग मोठा होतो. एआय सॉफ्टवेअर तसं करत नाही. त्याने लाखो फोटो पाहिलेले असतात. केस कसे असतात, डोळे कसे चमकतात, हे त्याला ठाऊक असतं. जिथे काही दिसत नाही तिथे ते अंदाजाने भरतं. हा अंदाज इतका सफाईदार असतो की गिऱ्हाईक खूश होतं आणि आपण विचार करायचा थांबतो.

स्क्रीनवर एक चौकट असते. फोटोत काय आहे ते तिथे लिहिलं तर काम चांगलं होतं. रिकामी ठेवली तरी चालते. मी नेहमी भरते. आजोबांचा फोटो असला तर डोक्यावर टोपी होती की पागोटं, ते घरच्यांना विचारून लिहिते. त्याच सवयीने विचारलं, ‘भाऊ, काय आहे यात?’

‘बिबट्या.’

मी बिबट्या लिहिलं आणि बटण दाबलं.

मिनिटभराने स्क्रीनवर मिशा, डोळे, खांदे आणि अंगभर ठिपके असलेला बिबट्या उभा राहिला. शांतारामभाऊ खुर्चीतून उठले. ‘बगा! म्हनलो न्हवतो?’

संध्याकाळपर्यंत फोटो तालुकाभर फिरला. त्यांच्या रानात कांद्याला येणाऱ्या बायकांनी यायचं बंद केलं. मग गार्ड मॅडम आल्या, त्यांनी ठिपके जुळवून पाहिले, आणि नवा नर आल्याचं ठरलं.

त्यांच्याकडे त्या वेळी एकच पिंजरा होता. तो कालव्याकडेच्या वस्तीवर लावलेला होता. तिथे एक वासरू गेलं होतं आणि दोघातिघांनी दिवसाढवळ्या बिबट्या पाहिला होता. पण पंधरा दिवसांत पिंजऱ्यात काही आलं नव्हतं. ‘तिकडे नुसतं ऐकलेलं आहे, इकडे फोटोच आहे,’ मॅडम म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजरा शांतारामभाऊंकडे हलवायचं ठरलं.

दुपारी त्या कालव्याकडेच्या वस्तीवरची सुनंदा मुलांच्या आधारकार्डांची झेरॉक्स काढायला आली. कागद काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, ‘ताई, तुमच्या फोटूपायी आमचा पिंजरा चालला.’

‘मी फक्त फोटो मोठा केला गं.’

‘केला न्हवं? माझी दोन पोरं ऊसातनं चालत शाळंत जात्यात. दोन्ही अंगाला ऊस. तितनंच वासरू नेलंय. आता आमी काय करायचं? आमच्याकडं सीसीटीव्ही न्हाई, म्हनून आमचा बिबट्या खोटा व्हय?’

झेरॉक्स दिली. ती गेली.

मग मी फ्लेक्सच्या कामाला बसले. शांतारामभाऊंनीच सांगितलेला, सहा बाय चार, फाट्यावर लावायला. वर ‘सावधान’, खाली तो फोटो. फ्लेक्सला फोटो घेताना मी आधी चारही कोपरे मोठे करून बघते, कारण घाण कोपऱ्यात असते. डाव्या कोपऱ्यात गव्हाणीमागे पेंडीचं पोतं होतं.

पोत्यावर ठिपके होते.

बिबट्याचे. तसेच, काळी कडी आणि मध्ये पिवळट. मूळ फोटो उघडला. त्यात पोतं नुसतं पांढरं होतं. गव्हाणीच्या कडेवर एक गोल कानही उगवला होता, तो कुणाचाच नव्हता. दोन दिवस हा फोटो मी आणि सगळा तालुका बघत होतो. पोत्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

मी मूळ फोटो पुन्हा घातला आणि चौकटीत ‘कुत्रा’ लिहिलं. देखणा कुत्रा आला, गळ्यात पट्टा. ‘तरस’ लिहिलं, पट्ट्यापट्ट्यांचा तरस आला. ‘वासरू’ लिहिलं तर पापण्यांसकट वासरू. चौकट रिकामी ठेवली तेव्हा करडा डाग आला, आधीपेक्षा मोठा.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण सकाळी पिंजरा हलणार होता. मी फोन लावला.

‘मॅडम, तो बिबट्या नवा नाही. तो कुठेच नाही.’

‘म्हणजे?’

‘ठिपके सॉफ्टवेअरने काढलेत. पोत्यावरही काढलेत.’

‘पोत्यावर?’ त्या म्हणाल्या. ‘मी दोन तास ते ठिपके जुळवत होते हो.’

‘चूक माझी आहे. मीच बिबट्या लिहिलं होतं.’

‘लेखी द्याल?’

दिलं. पाचही प्रिंट जोडल्या, खाली दुकानाचा शिक्का मारला. पिंजरा जागेवरच राहिला.

शांतारामभाऊ दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत दारात.

‘म्हंजी मी खोटाडा?’

‘तुम्ही नाही. फोटो खोटा आहे.’

‘फोटू माझ्या गोठ्यातला, अन् खोटा?’

‘डाग तुमच्या गोठ्यातला, भाऊ. बिबट्या माझ्या कॉम्प्युटरमधला.’

‘मंग शेळी काय कॉम्प्युटरनं नेली?’

‘नेली असेल बिबट्याने. नसेलही. मला त्या फोटोत दिसत नाही, एवढंच मी सांगू शकते.’

‘आन् माझ्या म्हातारीला काय झालं तर? तवा बी एवढंच सांगशीला?’

फ्लेक्सचं न विचारताच ते निघून गेले.

गार्ड मॅडमनी त्यांच्या गोठ्यावर ट्रॅप कॅमेरा बांधला. आठवडाभरात त्यात गाईची शेपटी, शेजाऱ्याचं कुत्रं आणि विडी ओढणारे स्वतः शांतारामभाऊ मिळाले. त्यांनी पडवीला जाळी ठोकली. आई अजून तिथेच झोपते. माझ्याकडे ते येत नाहीत. गावातल्यांनाही दुसरं दुकान दाखवतात. फोटो मात्र फिरतोच आहे. परवा डिंभ्याच्या एकाने तोच फोटो आणला, ‘हा काल धरणाजवळ दिसला’ म्हणत.

कालव्याकडेच्या वस्तीवर सहाव्या दिवशी पिंजऱ्यात मादी सापडली. मुलं ज्या वाटेने शाळेत जातात, तिथून हाकेच्या अंतरावर. गार्ड मॅडम त्याच दुपारी मोबाइल घेऊन आल्या. नोंदीच्या फाइलला प्रिंट हवी होती. गजांआडून घाईत काढलेला फोटो, हललेला. ठिपके धड मोजताही येत नव्हते.

‘साफ करू?’ मी सवयीने विचारलं.

‘नको,’ त्या म्हणाल्या. ‘ठिपक्यांसाठी पिंजऱ्याजवळच्या ट्रॅप कॅमेऱ्यातला फोटो येईल. हा आहे तसाच द्या.’

दिला. अंधुक फोटो अंधुक आहे असं गिऱ्हाइकाला सांगणं हे माझ्या कामातच मोडतं, हे मला बावीस वर्षांनी कळलं. सांगितलं की गिऱ्हाईक उठून दुसऱ्या दुकानात जातं, हेही कळलं.