अंगठ्यामागचा सूर्य

मिस्त्री एक डोळा मिटायचा, हात लांब करायचा आणि अंगठ्यानं सूर्य झाकायचा. मग ओरडायचा, "आज ओकला, सर!"

हिंगणघाटजवळच्या जाम गावच्या चौकातून तुम्ही कधी गेला असाल, तर त्याचं वेल्डिंगचं दुकान पाहिलं असेल. ट्रकचे फाळके, घनाचे घाव, ठिणग्या, शिव्या. घाई करणाऱ्या एका ड्रायव्हरवर त्यानं तापलेला पत्रा भिरकावला होता.

मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. उपग्रहाच्या छायाचित्रांत सूर्य काळ्या चकतीनं झाकलेला असतो, म्हणून त्याच्या कडेनं उसळणारे लोट दिसतात. हे मी त्याला फोनवर दाखवलं, तर म्हणाला, "हा तं माहा अंगठाच हाय!"

तेव्हापासून तो रोज फोनवर ते लोट पाहू लागला; मोठा लोट उसळला की सूर्य 'ओकला' म्हणायचा. सुट्टीच्या दिवशी मी शाळेची दुर्बीण त्याच्या दुकानामागे लावायचो. दुर्बिणीच्या तोंडावर फिल्टर बसवून आम्ही सूर्यावरचे डाग पाहायचो आणि कोणत्या डागापाशी स्फोट होईल यावर भांडायचो.

"हा फुटते, सर. माह्यासारखा तापट हाय."

"दोघंही येडे झाले!" मिस्त्रीची बायको, म्हणजे वहिनी, चहाचे कप आपटून जायच्या.

त्या दिवशी कापसाच्या गाड्या जात होत्या. फिल्टरवर तंतू बसले, म्हणून फुंकर मारायला मी तो काढला. तेवढ्यात फोन आला. बोलत बोलत मी रस्त्याकडे गेलो. दुर्बीण सूर्यावरच होती. मिस्त्री हातातलं काम टाकून आला आणि सवयीनं त्यानं डोळा लावला.

त्याची किंकाळी ऐकली तेव्हा फिल्टर माझ्या हातात होता.

हिंगणघाटच्या डॉक्टरांनी विचारलं, तर माझ्याआधी तोच बोलला. "वेल्डिंग करून राह्यलो होतो. काच नोती लावली." बाहेर आल्यावर त्यानं माझा दंड करकचून धरला. "दुर्बीण शाळेची हाय. तुमची नोकरी जाईन. गप राहजा."

मी गप्प राहिलो.

घरी पोचल्यावर वहिनींनी घन उचलला आणि वेल्डिंगचं मशीन फोडायला सुरुवात केली. "यानंच खाल्ला डोया! यानंच!" पत्रा चेपला, तांब्याच्या तारा बाहेर आल्या, तरी त्या थांबेनात. डोळ्यावर पट्टी बांधलेला मिस्त्री खाटेवर बसून एकेक घाव ऐकत होता. मीही तिथंच उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं.

दुकान बंद पडलं. तो दुसऱ्याच्या गॅरेजात ट्रकची चाकं काढू लागला. मला पाहिलं की अजूनही अंगठा वर करायचा. आता डोळा मिटावा लागत नसे.

या उन्हाळ्यात तो गेला. काम करता करता छातीत कळ आली, तेवढंच. तेरवीनंतर मी वहिनींना सगळं सांगितलं.

"दुर्बीण कुठी हाय?"

"शाळेत."

"घेऊन या."

"ती शाळेची आहे, वहिनी."

"मशीन आमचं होतं."

मी दुर्बीण आणली. त्यांनी ती अंगणात ठेवायला लावली आणि घन माझ्या हातात दिला.